उजवीकडे बघणारा कॅमेरा

२ नोव्हेंबर

अखेर कॅमेरा हातात आला. घड्याळजी अहोरने बरेच दिवस झुलवलं, पण काम चोख केलंय. रशियन कॅमेरा माझा जुनाच. त्याच्या भिंगापुढे आटीव दुधाचा डबा बसवलाय, डब्याला उजव्या अंगाने भोक पाडलंय आणि आत माझ्या बायकोच्या, फिलोच्या पावडरच्या डबीतला आरसा तिरका चिकटवलाय. कॅमेरा नाकासमोर धरायचा, फोटो मात्र उजवीकडचा निघतो. आरसा गेल्याचं फिलोला अजून कळलेलं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, ते लिहून ठेवतो. निवृत्त झाल्यावर मी आमच्या रस्त्याचे फोटो काढायला घेतले. पण कॅमेरा वर केला की चांगली हलती-बोलती माणसं पासपोर्टच्या फोटोसारखी व्हायची. हात गुडघ्यांवर, श्वास रोखलेला. जी तशी व्हायची नाहीत, ती भडकायची. गेल्या महिन्यात मासे धुरावर वाळवणाऱ्या बायकांनी मला टपऱ्या हटवायला आलेला साहेब समजून घेरलं आणि माझी टोपी काढून घेतली. फिलोने जाऊन ती परत आणली. काय सांगून आणली, ते मी विचारलं नाही.

मला घानातल्या आमच्या सेकंडी गावाचा हा रस्ता जसा आहे तसा हवाय. कुणाला कळता कामा नये. आणि माणूस खरा वागतोय की सोंग करतोय, हे मला सांगायला नको. रेल्वेत जन्मभर तिकीट इन्स्पेक्टर होतो. बिनतिकीटवाला मी त्याच्या मानेवरून ओळखायचो.

३ नोव्हेंबर

पहिली फेरी. आमचा रस्ता वरच्या पाण्याच्या टाकीपासून समुद्राकडे उतरतो आणि खाली बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला जाऊन टेकतो. मी उतरताना कॅमेरा त्या भिंतीवर रोखून धरला आणि मान अजिबात वळवली नाही. मान वळवली की सगळं फुकट. उजवीकडे चांभार बेडू, मग न्हावी, मग केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, विकणाऱ्या मामे एसाबाची चूल. थांबलो, बटण दाबलं, पुढे निघालो. कुणाला पत्ताही नाही.

मामे एसाबाने तेवढं विचारलं, “पापा जोजो, त्या भिंतीत काय ठेवलंय?”

“भेगा,” मी म्हणालो. “ऐतिहासिक आहेत.”

ती बिचारी पुन्हा चुलीकडे वळली. वर चढताना दम लागतो, म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवून घरी आलो. फिलोला म्हटलं, रस्त्यावर मला आता येडा समजतील, समजू देत. ती कांदे आणायला म्हणून गेली ती दिवेलागणीला परतली. कांदे विसरली होती.

९ नोव्हेंबर

न्हाणीघरात फिल्म धुतली. औषध महाग पडतं, म्हणून कॉफीत धुण्याचा सोडा घालून धुतो. चित्र झकास उमटतं, फक्त घराला मेलेल्या घुशीसारखा वास येतो. फिलो अंगणात खुर्ची टाकून बसली होती.

फोटो अप्रतिम आलेत. एकही माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. पण फिलोने चष्मा लावला आणि पहिलाच फोटो बघून कपाळाला हात लावला.

“जोजो, ही सगळी डाव्या हाताने जेवताहेत.”

खरंच. बेडू डाव्या हाताने केंके खातोय. मामे एसाबा डाव्या हाताने वाढतेय. आणि चर्चचे उपदेशक मिस्टर टँडो पायरीवर उभे राहून एका म्हातारीला डाव्या हाताने आशीर्वाद देताहेत. सेकंडीत डावा हात कशासाठी असतो हे तान्ह्या पोरालाही माहीत आहे. क्षणभर मला वाटलं, हीच ती खरी सेकंडी, जी आजवर कुणी पाहिली नव्हती. कुणी बघत नाही असं वाटलं की लोक असे वागतात तर.

“मी आरशात बघून पावडर लावते ना,” फिलो म्हणाली, “तेव्हा कुठला हात दिसतो?” आणि मग जरा थांबून, “माझ्या डबीतला आरसा कुठाय?”

१० नोव्हेंबर

फिल्म उलटी करून छापली की सगळे उजव्या हातावर येतात. नव्या प्रती काढल्या. डाव्या हाताच्या प्रती ट्रंकेत टाकल्या. फिलोला नवीन पावडरची डबी आणली.

१६ नोव्हेंबर

दुसरी फिल्म धुतली. मी थक्क झालोय. आपल्या कष्टकरी बायकांचा स्वाभिमान काय वर्णावा. मामे एसाबा चुलीपुढे, धुरात, पांढऱ्या लेसच्या पोशाखात बसलीय, गळ्यात मोत्यांची माळ. मंगळवारी दुपारी. मासेवाल्या बायकांनी डोक्याला रेशमी रुमाल बांधलेत, आणि तिघींचा रंग एक. इतकी वर्षं मी या रस्त्यावरून गेलो आणि हे कधी पाहिलंच नाही. कॅमेरा माणसाला बघायला शिकवतो.

न्हाव्याचं मात्र अवघड दिसतंय. त्याच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची दाढी सोमवारी अर्धी होती, मंगळवारी अर्धी होती आणि काल त्याच गिऱ्हाइकाची पुन्हा अर्धीच. इतका सावकाश हात असेल तर धंदा कसा चालायचा.

१९ नोव्हेंबर

बेडूचा हातोडीचा फोटो आज मोठा करून छापला. आभाळ भरून आलं होतं, उजेड जेमतेम, म्हणून फोटो काढताना कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवावा लागला. अशा वेळी हलणारी वस्तू पुसल्यासारखी येते. आणि इथे हातोडी हवेत, वर उचललेली, तिच्यावरचा गंजसुद्धा मोजून घ्या. माझा हात इतका स्थिर आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. फिलोला दाखवला. ती म्हणाली, “बिचाऱ्याचा खांदा दुखतोय दोन दिवस.” चांभाराच्या कामात खांदा दुखायचाच.

२१ नोव्हेंबर

आजचा दिवस सोन्याचा. टॅक्सीच्या नाक्यावर दोन ड्रायव्हर एकमेकांच्या गळपट्ट्यांना धरून उभे होते. आवाजावरून कळलं, कारण मी मान वळवत नाही. एकाने दुसऱ्याच्या आईबद्दल फार वाईट काहीतरी काढलं. मी दाबणार, तोच फिल्म संपली. नवी भरायला वेळ लागला. नशीब बघा, तेवढ्यात भांडण थंडावलं होतं. कुणीतरी पाणीही पीत होतं. मी कॅमेरा वर केला आणि त्याच आईवरून भांडण पुन्हा पेटलं, अगदी पहिल्या शब्दापासून.

कच्चं, धगधगतं आयुष्य. हे ठरवून मिळत नाही.

२४ नोव्हेंबर

राजधानीहून, आक्राहून निरोप आला. आमच्या मुलीने माझे फोटो तिच्या ओळखीच्या मिस सेनाम नावाच्या बाईंना दाखवले. या बाई चित्रांची आणि फोटोंची प्रदर्शनं भरवतात. त्या येऊन बघणार आहेत, आणि पसंत पडले तर नाताळच्या आधी इथेच, रेल्वेच्या जुन्या हॉलमध्ये प्रदर्शन लावणार आहेत. मी प्रदर्शनाचं नावसुद्धा कळवून टाकलं. ‘नकळत’. सोबत लिहिलं की या फोटोंतल्या एकाही माणसाला आपला फोटो निघतोय हे माहीत नाही, याची मी शपथपूर्वक हमी देतो.

फिलोला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. “शपथ कशाला घालायची,” एवढंच म्हणाली, आणि बोट कापून घेतलं.

३० नोव्हेंबर

दोन गोष्टी. एक, ट्रंकेतले डाव्या हाताचे फोटो कमी झालेत. उंदीर असावेत. फिलोला विचारलं, तीही म्हणाली, उंदीरच.

दोन, रस्त्यावर काहीतरी उलथापालथ चाललीय. डाव्या बाजूचा शिंपी मशीन उचलून उजवीकडे आलाय. त्याच्या पाठोपाठ संत्रीवाली आली, मग लॉटरीची तिकिटं विकणारा. उतरताना उजवीकडे पाय ठेवायला जागा नाही आणि डावीकडे कुत्रीसुद्धा बसत नाहीत. सावलीचा प्रश्न असेल म्हणावं, तर सावली डावीकडे आहे. धंद्याचं गणित मला कधी कळलं नाही.

४ डिसेंबर

मिस्टर टँडो संध्याकाळी घरी आले. टोपी न काढता बसले आणि कोटाच्या खिशातून फोटो काढून टेबलावर आपटला. डाव्या हाताने आशीर्वाद. तो चर्चच्या दारावर कुणीतरी लावला होता म्हणे, आणि रविवारी अख्खं चर्च प्रवचनाऐवजी त्यांच्या हातांकडे बघत होतं. ज्या म्हातारीला आशीर्वाद दिला, तिने तो परत मागितलाय, उजव्या हाताने.

मी आरशाची गोष्ट समजावली. फिल्म उलटी करून, उजव्या हाताची प्रत काढून देतो म्हणालो. त्यांचा राग काही उतरेना.

“मी मुद्दाम उजवा हात वर केला होता,” ते म्हणाले. “तुमच्या डब्याच्या बाजूला तोंड करून. कितीतरी वेळ.”

फिलोने घाईघाईने त्यांच्यापुढे आल्याचं सरबत ठेवलं आणि त्यांच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी सुरू केली. ते गेल्यावर मी विचार करत बसलो. ‘डब्याच्या बाजूला’ म्हणजे काय? संतापलेला माणूस काहीही बोलतो. आणि उंदरांनी तो फोटो चर्चपर्यंत नेला कसा, हे कोडं राहिलंच.

११ डिसेंबर

मिस सेनाम आल्या. तिशीच्या आतबाहेर, केस बारीक कापलेले, पायांत पुरुषी बूट. फिलोने कुटलेल्या कसाव्याचा फुफू आणि मटणाचा रस्सा पोटभर जेवल्या, मग सगळे फोटो जमिनीवर पसरून त्यांच्यात मांडी घालून बसल्या. आधी हसल्या. मग बराच वेळ हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अंकल, तुम्ही फोटो कसे काढता ते मला बघायचंय.”

आम्ही निघालो. मी नेहमीप्रमाणे भिंतीवर नजर ठेवून उतरलो, त्या माझ्या मागून. खाली पोचल्यावर बघतो तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, धूर गेला का? त्या कारखान्याच्या पायरीवर बसल्या आणि मलाही बसायला लावलं.

“अंकल, यांना सगळ्यांना माहीत आहे.”

“काय?”

“सगळं. रस्त्यावरची माणसं इतकी ‘न बघणारी’ नसतात. कुणीतरी बघतंच. चुकून तरी. इथे एकही जण बघत नाही. तो चांभार हातोडी वर धरून पुटपुटत होता, आता दाब की, आता दाब.”

मी त्यांना शांतपणे सांगितलं की लोकांची लबाडी ओळखण्यात माझी हयात गेली. घरी आल्यावर मी जेवलो नाही.

१२ डिसेंबर

जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

मी नेहमी उतरतानाच फोटो काढतो. म्हणजे माझं उजवं अंग नेहमी रस्त्याच्या एकाच बाजूला असतं. आज मी आधी पिशवी काखेत मारून, फिरायला निघाल्यासारखा खाली गेलो. कारखान्याजवळ पिशवीतून कॅमेरा काढला, वळलो, वरच्या टाकीवर रोखला आणि चढायला लागलो. आता माझ्या उजवीकडे ती दुसरी, ओस पडलेली बाजू.

आणि आज मी मान वळवली.

आधी काहीच झालं नाही. मग कुणीतरी शीळ घातली. मग बेडू उठला, बैठकीचं लाकडी खोकं बगलेत, हातोडी दातांत, आणि वाकून रस्ता ओलांडायला लागला, जसं वाकलं म्हणजे मला दिसणार नाही. त्याच्यामागून शिंपी आणि संत्रीवाली, दोघांनी मिळून शिलाई मशीन उचललेलं. न्हावी निघाला. त्याचं गिऱ्हाईक गळ्यातल्या फडक्यासकट, अर्ध्या दाढीसकट, स्वतःची खुर्ची स्वतः उचलून निघालं. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या गळपट्ट्या न सोडता आडवे आडवे चालत आले. मामे एसाबाने केंकेचं पातेलं उचललं, लेसचा झगा दुसऱ्या हातात गोळा केला आणि रस्त्याच्या मधोमध तिची चप्पल अडकली.

आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, येणारी लॉरी हाताने थोपवून धरलेली, दुसऱ्या हाताने सगळ्यांना ‘इकडे, इकडे’ करणारी, एक बाई. घरातलं जुनं फाटकं कापड गुंडाळलेली, डोक्याला रुमाल नाही, तोंड उघडं. ती फिलो होती.

मी कॅमेरा तसाच धरून वर आलो. बटण किती वेळा दाबलं, माहीत नाही. बोटाला सवय लागलीय.

१३ डिसेंबर

लिहिण्यासारखं काही नाही. कॅमेरा कपाटात ठेवला.

१४ डिसेंबर

फिलोशी बोललो. म्हणजे ती बोलली. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, ती पलंगाच्या कडेवर बसली.

टोपी आणायला गेली, तेव्हा तिने मासेवाल्यांना सांगितलं होतं की हा माझा नवरा आहे, गाड्या बंद झाल्यापासून घरात बसून छताकडे बघतो, रात्री झोपेत ‘तिकीट दाखवा’ म्हणतो. कॅमेरा घेतल्यापासून नीट जेवायला लागलाय. त्याला फोटो काढू द्या. फक्त त्याच्याकडे बघू नका, एवढंच त्याला हवंय. आणि नव्या कॅमेऱ्याची पहिली फेरी झाली त्या दिवशी तिने साऱ्या रस्त्याला उजवीकडचं भोक समजावून सांगितलं. कांदे त्यामुळे राहिले.

“म्हणजे सगळ्यांनी माझी कीव केली,” मी म्हणालो.

“पहिला आठवडा,” फिलो म्हणाली. “मग मी फोटो वाटले. त्यानंतर तुझी कीव करायला कुणाला वेळ होता? मामे एसाबाने तो लेसचा झगा शिवायला टाकला तो तुझ्यासाठी नाही, जोजो. डोक्यात हवा घेऊ नकोस. आपला चांगला फोटो कुणाला नको असतो?”

मी विचारलं, उंदीर तीच होती का. ती म्हणाली, हो. चर्चच्या दाराचा मात्र आपल्याला पत्ता नव्हता, ते बेडूचं काम. मिस्टर टँडोंनी चपलेच्या टाचेवरून घासाघीस केली होती.

मी तोंड वळवलं नाही. पण जेवलो.

१७ डिसेंबर

सकाळपासून रीघ लागलीय. कुणीही कॅमेऱ्याचं नाव काढत नाही. बेडूने माझे बूट मागून नेले आणि न मागता टाचा बसवून दिल्या. न्हावी घरी येऊन दाढी करून गेला. पूर्ण केली. टॅक्सीवाले दोघे जोडीने आले, माफी मागायला की आणखी कशाला हे त्यांनाही नक्की सांगता येईना. तेव्हा कळलं की ते सख्खे मावसभाऊ आहेत आणि ज्या आईबद्दल वाईट बोललं गेलं, ती बोलणाऱ्याचीच सख्खी मावशी.

शेवटी मामे एसाबा आली, केंके घेऊन. दारातच उभी राहिली.

“पापा जोजो, एक सांगू? पहिल्याच आठवड्यातला माझा फोटो आहे ना, डोळे मिटलेला. त्यात मी खरंच बघत नव्हते. धूर गेला होता. तेवढा एक खरा आहे. तो मोजा.”

मी म्हटलं, मोजतो. ती गेल्यावर मला इतकं हसू आलं की फिलो स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, मला ठसका लागलाय.

१८ डिसेंबर

सेनामला प्रदर्शन रद्द करा म्हणून कळवायचं ठरवलं. त्याआधी कॅमेऱ्यात अडकलेली बारा तारखेची फिल्म धुवून टाकावी म्हटलं. नुसती फेकवेना.

कॉफीतून वर काढली, उजेडाकडे धरली आणि न्हाणीघरातल्या बादलीवर बसलो.

सगळे आलेत. हातोडी दातांत धरलेला बेडू. हवेत तरंगणारं शिलाई मशीन. फडक्यासकट पळणारी अर्धी दाढी. पातेल्याचं झाकण उडालेलं, मामे एसाबाचा एक पाय अनवाणी. काही पुसट, काही तिरके, एकात नुसती चप्पल. जागा बदलायच्या गडबडीत कुणाला पोज घ्यायला सवडच मिळाली नव्हती. आणि एका फोटोत लॉरी थोपवणारी फिलो. इतकी वर्षं संसार केला, पण ती घराबाहेर अशी ओरडते हे मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी ओरडत होती.

सेनामला फोन केला. ‘रद्द’ हा शब्द आलाच नाही.

२२ डिसेंबर

प्रदर्शन झालं. एका भिंतीवर न बघणारी सेकंडी, समोरच्या भिंतीवर पळणारी सेकंडी. नाव ‘नकळत’च ठेवलं. शपथ मात्र काढली.

रस्ता झाडून सगळा आला, आणि फोटोतल्याच कपड्यांत आला, म्हणजे ओळखू यावं. पळणाऱ्या भिंतीपुढे आधी सगळे खांद्याला खांदा लावून दाटले. मासेवाल्या बायका मला पुन्हा घेरतात की काय, असं वाटलं. मग न्हाव्याच्या गिऱ्हाइकाने स्वतःकडे बोट दाखवलं आणि ते मोठ्याने हसलं, आणि त्यानंतर हॉलमध्ये कुणाला कुणाचं ऐकू येईना. मिस्टर टँडो उजव्या हाताच्या फोटोशेजारी उजवा हात खिशाबाहेर ठेवून शेवटपर्यंत उभे होते.

फिलोचा फोटो सेनामने सगळ्यांत मोठा करून मधोमध लावला होता. मी घरी सांगितलं नव्हतं. फिलो दारातून आली ती ठेवणीतल्या निळ्या पोशाखात, कानांत सोनं, डोक्याला कडक इस्त्रीचा रुमाल. तिने फोटो पाहिला. फाटकं कापड पाहिलं, उघडं डोकं पाहिलं.

“या अवतारात?” ती हळूच म्हणाली. “साऱ्या गावापुढे? मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तू अशी आली असतीस का?”

ती सरळ फोटोकडे गेली, त्याच्याकडे पाठ करून भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिथून हलली नाही. येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवला, पोराबाळांची चौकशी केली, सरबत तिथेच मागवून घेतलं. आक्राहून आलेले एक गृहस्थ तिच्या खांद्यावरून डोकावायला लागले, तर त्यांच्याबरोबर तीही डावीकडे सरकली. ते उजवीकडे गेले, तीही गेली.

सेनाम माझ्याजवळ आली. म्हणाली, अंकल, तेवढ्या एका फोटोखाली नाव लिहायचं राहिलंय. काय लिहू?

मी म्हटलं, राहू दे. मग मी जाऊन फिलोच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिलो. दोघं असलो की फोटो पुरता झाकला जातो.